सित्र्यातली न झालेली सही

विमानातून बहरीन दिसलं ते इतकं सपाट आणि भुरकट, की समुद्रात कुणाच्या हातून पापड पडलाय असं वाटलं. उतरल्यावर कस्टमवाल्याने माझी पेटी उघडली आणि कुरडई उजेडात धरली.

"ये वायर है क्या?"

"खाने का है. तळके," मी म्हणाले. माझं हिंदी तसंच.

त्याने एक तुकडा मोडून कच्चाच तोंडात टाकला! मग तोंड वाकडं करून म्हणाला, "मफी मुश्किल (काही अडचण नाही)," आणि पेटी माझ्याकडे ढकलली.

माझी थोरली लेक सुजाता ईसा टाउनला राहते. तुम्ही सगळ्या मनमाडला मला विचारता, लेक तिकडे करते काय? मी सांगायची, फोनच्या कंपनीत आहे. त्याच्या पुढचं मलाच ठाऊक नव्हतं. म्हणून म्हटलं, या खेपेला तिचं काम डोळ्यांनी बघूनच यायचं.

एक दिवस तिच्याबरोबर कंपनीच्या बसने, तिचं ऑफिस आहे त्या सित्र्याला गेले. वाटेत मआमीर गावाजवळ रिफायनरीचा असा वास आला की मी पदर नाकाला लावला. बाकी कुणी ढिम्म हललं नाही, सवय. ऑफिसात तिचे मॅनेजर मुकादमभाई भेटले, मूळचे रत्नागिरीचे.

"या मावशी, या! सलाम घ्या, जयभीम घ्या, आणि जेवल्याशिवाय जायचं नाही!"

टेबलावर खोकीच खोकी. सुजाताने एक फोन काढून माझ्या हातात दिला. वायर नाही, नुसता घेऊन घरभर फिरायचं. खाली चार्जरची बैठक. असे पुष्कळ फोन एका हॉटेलला हवे होते. हॉटेलचे मालक युरोपातले, त्यांची अट की युरोपात तपासलेलाच माल पाहिजे.

"फोनचं काय तपासायचं?" मी विचारलं. "वाजला की झालं."

"वाजणं वेगळं गं आई. तो हवेत किती गडबड करतो, शेजारच्या रेडिओत, टीव्हीत घुसतो का, ते बघतात. एक नग इंग्लंडला पाठवायचा. तिथे बंद खोलीत मोजतात. पास झाला की बाकीच्यांवर हा शिक्का." तिने मागची दोन अक्षरं दाखवली, सी आणि ई. मुलांच्या पाटीवरून मी जेवढं इंग्रजी उचललं, त्यात ती बसली.

"म्हणजे शितावरून भाताची परीक्षा!"

"हो. पण भात त्याच पातेल्यातला हवा ना? इथे चार्जर बदललाय."

तपासणीला गेलेल्या फोनचा चार्जर वेगळा होता. इथल्या भिंतीतल्या सॉकेटला बसावा म्हणून कारखान्याने दुसरा घातला. आणि सुजाताने सही करून लिहून द्यायचं होतं, की तपासला तोच हा माल. तिने शेजारी ट्रान्झिस्टर लावला. जुना चार्जर जोडला, गाणं स्वच्छ. नवा जोडला, की पिठाची गिरणी सुरू!

"मग नापासच की," मी म्हणाले.

"तेही म्हणता येत नाही. ट्रान्झिस्टर काय मोजणार? मला माहीत नाही, एवढंच खरं."

इथेच माझा गोंधळ सुरू झाला, तो अजून संपलेला नाही.

दुपारी मुकादमभाईंनी मचबूस (मसाल्याचा भात, वर तळलेला मासा) मागवला. घास अप्रतिम, पण बोलणं तिखट.

"अगो सुजाता, फोन तोच, आवाज तोच, नुसतं शेपूट बदललं. सही कर नि खलास कर! उद्या सुट्टी, हॉटेलवाला आज मागतोय."

"शेपटाचीच तपासणी राहिलीय, मुकादमभाई."

"आणि तुझा व्हिसा रिन्यूला माझ्याच टेबलावर आहे, ठाऊक आहे ना?"

म्हणाले हसतच, पण मी हातातला घास परत ताटात ठेवला. सुजाताने काटे बाजूला काढले आणि सही केली नाही.

घरी आल्यावर मी तिला समजावलं. "कर गं सही. चार्जरला कोण विचारतंय?"

"कदाचित कोणीच विचारणार नाही."

"मग भितेस कुणाला?"

ती भांडी घासायला उठली. सुट्टीच्या दिवशी आम्ही समुद्रावर गेलो. पाणी एवढं मागे गेलं होतं की होड्या वाळूवर कलंडून पडल्या होत्या. मी मात्र व्हिसा, व्हिसा एवढंच मनात घोकत होते.

सुट्टीनंतर तिने सांगितलं, नव्या चार्जरसकट एक फोन इंग्लंडला पाठवा. मुकादमभाई रागावले, एरवी घरच्यासारखं बोलणारा माणूस तिच्याशी फक्त इंग्रजीत बोलायला लागला. शेवटी "यल्ला (चला), पाठव," म्हणाले. हॉटेलवाला थांबला नाही, दुसरीकडे गेला. आणि निकाल यायच्या आतच माझी परत यायची वेळ झाली. विमानतळावर मी लेकीचा हात सोडत नव्हते. मला वाटत होतं, आता तीही मागोमाग सामान घेऊन येणार.

मनमाडला आल्यावर एका रविवारी बूथवरून फोन लावला.

"आई, रिपोर्ट आला. पास!"

"नव्या चार्जरसकट?"

"हो."

"आणि व्हिसा?"

"मुकादमभाईंनी कालच पुढे पाठवला. म्हणाले, पुढच्या वेळी कारखान्याला आधीच विचारून घे."

माझ्या जिवात जीव आला. पण मग डोक्यात तिडीक गेली. "अगं, पासच व्हायचा होता, तर त्याच दिवशी सही केली असतीस तर काय बिघडलं असतं? हॉटेल तरी गेलं नसतं!"

"त्या दिवशी मला माहीत नव्हतं ना, आई."

घरी येईपर्यंत हेच घोळत राहिलं. फोन बरोबर निघाला, गिऱ्हाईक गेलं, आणि लेकीच्या आवाजात पश्चात्तापाचा मागमूस नाही. तुमच्यापैकी कुणाला हे उलगडलं तर येऊन मला समजावून सांगा. मी मात्र तिला पुन्हा कधी "कर गं सही" म्हणणार नाही.