कोळशाच्या टबमधली पुढची जागा

मला एका जागी बसवत नाही. जेवतानासुद्धा माझा एक पाय हलत असतो. आई म्हणायची, ही पोरगी पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आली. आणि अशा मला घरच्यांनी जन्मभर काम काय दिलं, तर सामान सांभाळत बसायचं.

नागपुरात कस्तुरचंद पार्कवर प्रदर्शन लागलं की आम्ही खापरखेड्याच्या बाजूनं बस पकडून जायचो. मी, माझा नवरा, आमची दोन मुलं, सासूबाई, नणंद आणि तिची पोरं. आकाशपाळण्यापाशी पोचलो की सगळ्यांच्या चपला, पिशव्या, जेवणाचा डबा आणि झोपलेलं एखादं लेकरू माझ्या मांडीवर येऊन पडायचं. "तू बस वं बाई इथं, आमी येतो," असं म्हणून सासूबाईसुद्धा पाळण्यात चढायच्या. मला कुणी विचारायचं नाही, कारण मी अंगानं चांगली भरलेली, लग्नाच्या आधीपासूनच. एकदा धीर करून रांगेत उभी राहिले, तर पाळणेवाला म्हणाला, "बाईजी, आप बैठोगे तो सामने दो लोग बिठाने पडेंगे." सगळे हसले. मीही हसले, पण ते जिव्हारी लागलं. त्यानंतर मी रांगेत उभी राहिले नाही. मात्र खाली बसून, मान वर करून, पाळणा बघत राहायचं काही सोडलं नाही.

माझा नवरा तिकडच्या एका कोळशाच्या खाणीत फिटर होता. खाणीच्या कॉलनीत एक छोटं वाचनालय होतं, आणि तिथं जुनी मासिकं यायची. डाळ चुलीवर टाकली की मी तिथं पळायची आणि डाळ करपायच्या आत परत यायची. असंच एकदा मला ते चित्र दिसलं. लाकडाचा एक उंच पांढरा सांगाडा, त्यावर वरखाली गेलेले रूळ, आणि उतारावरून सुटलेल्या गाडीत हात वर करून ओरडणारी माणसं. खाली लिहिलं होतं, रोलर कोस्टर. त्या दिवशी डाळ करपलीच.

लेख मी तिथंच उभ्यानं वाचला. ही सगळी भानगड सुरू झाली ती म्हणे रशियात. तिकडचे लोक हिवाळ्यात लाकडाचे उंच उतार उभारायचे, त्यांच्यावर पाणी ओतून बर्फ होऊ द्यायचे, आणि बर्फाच्याच लादीवर गवत पसरून खाली घसरत यायचे. मला हे फार आवडलं. एवढ्या थंडीत घरात शेकत बसायचं सोडून माणूस वर चढतो, कशासाठी, तर खाली यायला! पुढं फ्रान्समध्ये कुणीतरी याला चाकं लावली. पण माझा जीव अडकला तो अमेरिकेतल्या गोष्टीत. तिथं डोंगरावर कोळशाची खाण होती. कोळशानं भरलेल्या गाड्या रुळांवरून आपल्याच वजनानं खाली यायच्या. रिकाम्या गाड्या वर ओढून न्यायला खेचरं होती, आणि ती खेचरंही खाली येताना गाडीतच बसून यायची. त्यांना त्याची अशी चटक लागली की पुढं ती उतारावरून पायी यायला तयारच होईनात. माणसांनी हे बघितलं आणि म्हटलं, आम्हालाही बसवा. मग समुद्रकाठी एकानं कोळसाबिळसा काही नाही, नुसत्या मजेसाठीच अशी गाडी केली. लोक एका टोकाला उतरायचे, जिना चढायचे, गडी गाडी वर ढकलायचे, की पुन्हा खाली. गाडी वर ओढायला साखळी आली ती नंतर. कुणी तर रुळांचा पूर्ण गोल वळसाही करून बघितला, पण त्यानं बसणाऱ्यांच्या माना आखडल्या.

रात्री नवरा जेवायला बसला तेव्हा मी त्याला हे सगळं एका दमात सांगितलं. तो कमी बोलणारा माणूस. भाकरी मोडत म्हणाला, "म्हंजे आपल्या टबमधी मानसं बसवले त्याइनं."

आमच्याकडे खाणीतून कोळसा आणायच्या लोखंडी डब्यांना टब म्हणतात. चार चाकांचा, अरुंद रुळांवरून धावणारा टब. तेवढं बोलून तो हात धुवायला उठला, पण त्याचं डोकं चालायला लागलंय हे मला कळलं, कारण ताटातली चटणी त्यानं तशीच टाकली होती.

आमच्या कॉलनीत एप्रिलमध्ये जयंतीला क्वार्टरांच्या ओळींची चुरस असायची. प्रत्येक ओळीला आम्ही लाईन म्हणायचो. कुणाची लाईन दिव्यांची कमान करायची, कुणी चित्ररथ काढायचं. त्या वर्षी आमच्या लाईनीच्या फिटर लोकांनी ठरवलं, मुलांसाठी उतरणगाडी करायची. मैदानाच्या कडेला मातीचा मोठा जुना ढिगारा होता. साहेबाची परवानगी काढून भंगारातले रूळ आणले. ढिगाऱ्याच्या माथ्यापासून उतार, खाली खोलगट भाग, मग मुरूम ठोकून केलेला दुसरा उंचवटा, त्याच्यापुढं सपाटी, आणि शेवटी टब अडवायला वाळूचा ढीग. टब वर न्यायला दोर आणि ओढणारे गडी. टब घासूनपुसून, निळा रंग देऊन त्यात फळ्या ठोकल्या.

मी रोज दुपारी चहाच्या निमित्तानं तिथं जायची. चहा सांडायचा, एवढी घाई. एक दिवस न राहवून म्हटलं, "मी बसून पाहू का?"

"पागल झाली काय?" नवरा म्हणाला. "पयले तपासू तं दे."

आता कोळशाच्या खाणीतली माणसं टब तपासणार कसा? त्यांना टब भरायचा म्हणजे कोळशानंच, दुसरं काही सुचत नाही. टबात काठोकाठ कोळशाची पोती ठेवली, दोर सोडला, आणि टब जो धडधडत सुटला तो दुसरा उंचवटा झोकात ओलांडून वाळूत जाऊन रुतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोज पोती वर जायची, रोज खाली यायची. मी चहाची किटली घेऊन उभी राहायची आणि खरं सांगते, मला त्या पोत्यांचा हेवा वाटायचा. चित्र मी बघितलं, गोष्ट मी आणली, आणि मजा करणार पोती!

जयंतीचा दिवस उजाडला. सकाळी वंदना झाली, मिरवणूक झाली. संध्याकाळी ऊन कलल्यावर सगळी कॉलनी मैदानात जमली. जयंतीला आमच्याकडे लहानथोर सगळे पांढऱ्या कपड्यांत. कडक इस्त्रीचे पांढरे सदरे, पांढरी लुगडी, पोरींचे पांढरे फ्रॉक. मीही पांढरं पातळ नेसून, सगळ्यांच्या पिशव्या आणि चपला मांडीवर घेऊन, ठरल्या जागी बसले होते. पाय मात्र हलत होता.

पहिल्या फेरीला चार मुलं बसली, त्यांत आमची मुलगी. टब सुटला. पोरं किंचाळली. टब उतारावरून आला, दुसऱ्या उंचवट्यावर अर्धा चढला आणि दमला. मागं घसरला. मग पुढं, मग मागं, आणि शेवटी खोलगट भागात जाऊन गुपचूप बसून राहिला. पोरांना हातानं उचलून बाहेर काढावं लागलं. चाकांना ग्रीस घालून पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेजारच्या लाईनीच्या लोकांना हसू आवरेना. "अरे, ढकलगाडी हाय का हे?" कुणीतरी ओरडलं. माझी मुलगी रडायच्या बेतात आली होती.

नवऱ्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "वजन कमी पडून राहिलं गा. पोरं हलके आहेत."

कोळशाची पोती ठेवा म्हणावं, तर पोरांच्या आया अंगावर आल्या. त्या पांढऱ्या कपड्यांचं काय झालं असतं? एकानं विचारलं, "वाळूचे पोते नाईत का?" नवरा म्हणाला, "सगळे त्या वाळूच्या ढिगात गेले." माझ्या एका सडपातळ दिराला बसवून बघितलं, त्यानं फार तर हातभर फरक पडला. बाकीचे गडी दोरावर हवे होते. आणि मग गर्दीतून तो आवाज आला, जो येणार हे मला मघापासून ठाऊक होतं.

"वयनीले बसवा ना!"

सगळं मैदान हसलं. माझे कान तापले. मांडीवरच्या पिशव्या मी घट्ट धरल्या. मला त्या टबात बसायचं होतं, खोटं कशाला बोलू, त्यासाठी जीव तळमळत होता. पण असं? वजन म्हणून? पोत्याच्या बदल्यात? उठले तर जन्मभर कॉलनी चिडवणार, आणि नाही उठले तर मुलगी रडणार आणि मी पुन्हा खाली बसून मान वर करून बघणार.

नवरा माझ्याजवळ आला. खाली वाकून हळूच म्हणाला, "बसशील का?"

"पोतं म्हणून का?" मी विचारलं.

तो काहीच बोलला नाही. त्याचं ते गप्प राहणं मला असं झोंबलं की मी ताडकन उठले, सगळ्या पिशव्या आणि चपला त्याच्या हातात कोंबल्या आणि ढिगारा चढायला लागले. लोक टाळ्या पिटत होते. वर पोचले तर एक गडी टबाचा मागचा भाग दाखवायला लागला, जिथं पोती ठेवायचे. मी म्हटलं, "मी मांगं नाई बसत. मी पुढं बसते." पदर खोचला आणि पुढच्या फळीवर बसले. पोरं माझ्या मागं, मला धरून.

दोर सुटला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही असं वाटलं. मग पोट मागं राहिलं आणि मी पुढं गेले. वाऱ्यानं पदर सुटला, अंबाडा सुटला, डोळ्यांत पाणी आलं. ओरडावं म्हणून तोंड उघडलं तर हसूच बाहेर पडलं, आणि ते थांबेचना. खोलगट भाग आला आणि माझं सगळं वजन, ज्याला आयुष्यभर लोक हसले होते, ते खाली दाबलं गेलं आणि टब त्याच जोरावर दुसरा उंचवटा चढून गेला. माथ्यावर क्षणभर मी फळीवरून उचलली गेले. मी, जिच्यासमोर दोन माणसं बसवावी लागायची! मग वाळूत धप्पदिशी थांबलो. मागून मुलगी ओरडत होती, "आई, पुन्ना! पुन्ना!"

पुन्हाच काय, अंधार पडेपर्यंत मी उतरले नाही. प्रत्येक फेरीला पोरं बदलायची आणि पुढच्या फळीवर मी. शेजारच्या लाईनीतली पोरंही रांगेत येऊन, "मावशी, आमच्यासंगं बसा ना," म्हणायला लागली. एकदोन फेऱ्यांनंतर तर दुसऱ्याही जाड बाया पदर खोचून वर चढल्या. सासूबाई खाली चपलांजवळ बसल्या होत्या. नवरा कधी दोरावर, कधी वाळूपाशी. आमची नजरानजर झाली की मीच मान फिरवायची.

दुसऱ्या दिवशी रूळ उचलले गेले, टब पुन्हा काळा झाला. कॉलनीनं मला चिडवलं ते चिडवलंच. त्याचं मला काही वाटलं नाही. मात्र तो गप्प राहिला होता, ते विसरता येत नव्हतं. भांडणात मी किती वेळा म्हटलं असेल, "तुमाले तं मी पोतंच वाटते." त्यावरही तो गप्पच बसायचा.

पुढं मुलं मोठी झाली, मुलीचं लग्न झालं, नवरा रिटायर झाला. आणि मग एका वर्षी कस्तुरचंद पार्कवर खराखुरा रोलर कोस्टर आला. छोटाच, पण लोखंडाचा, ड्रॅगनच्या तोंडाचा, मोटारीनं चालणारा. मी नातवाचा हात धरून तडक रांगेत. फाटकावरचा पोऱ्या मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "माँजी, आप नहीं. वजन जादा हो जाएगा." मुलगी म्हणाली, "आई, जाऊ दे ना, तू पिशव्या धरून बस." आणि मी पुन्हा बाकड्यावर. चपला, पिशव्या, डबा. आतून नुसती धुमसत होते. ड्रॅगन गरगर फिरत होता, नातू ओरडत होता आणि माझा पाय बाकडं हलवत होता.

नवरा शेजारी बसला होता. बराच वेळ गाडीकडे बघून म्हणाला, "हिले मोटार लागते. आपली तुह्यावर चालत होती."

"पोत्यांवरही चालली असती," मी फणकारले. "वाळूचे पोते असते तं."

"होते ना," तो म्हणाला.

"कुठी?"

"मांगं शेडमधी. भरलेले, कोरे. मी कोणाले सांगतलं नाई."

मी त्याच्याकडे वळले. "काहून?"

त्यानं खांदे उडवले. "तू दरसाल इथं बसून पाळण्याकडं पाहत राहे. मले दिसे ना ते."

एवढी वर्षं तो हे पोटात ठेवून बसला होता. मला रडू आलं आणि रागही आला, की हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं. पण त्याला आता काय बोलणार. मी डोळे पुसले, सगळ्या पिशव्या, चपला आणि डबा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला, पदर खोचला आणि फाटकावरच्या त्या पोऱ्याशी भांडायला पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिले.