गळा बोलला की कान गप्प

माधवनगरला माझे ब्लाऊज शिवणाऱ्या बाईंच्या गळ्यात दर खेपेला नवंच काहीतरी असतं. कधी बंद पडलेल्या मागाच्या लाकडी बॉबिनींची माळ, कधी खणाच्या चिंध्यांनी मढवलेली मोठाली बटणं. सगळं स्वतः केलेलं. कानात मात्र काहीही नाही. "गळा बोलत आसंल तर कानांनी गप बसायचं," हे त्या ओठांत टाचण्या धरूनच सांगतात.

लेकीच्या हळदीला माझ्या यादीत माझ्यासाठी तुशी, मोत्यांची माळ आणि झुमके लिहिलेले होते. वाईहून विहीणबाई स्वतः उष्टी हळद घेऊन येणार होत्या, त्यामुळे मला कुठेही चूक नको होती. हळदीच्या सकाळी बाई ब्लाऊज द्यायला आल्या आणि पिशवीतून त्यांनी भलताच हार काढला. भोकं पाडून ओवलेली अख्खी हळकुंडं आणि मध्ये माझ्याच ब्लाऊजच्या जांभळ्या खणाचे गोंडे!

"अहो, लोक हसतील."

"हसू द्या की! लगीन हाय, दहावा न्हाई."

बोलता बोलता त्यांनी हार माझ्या गळ्यात बांधला आणि माझ्या कानांतले झुमके काढून यादीवर ठेवलेसुद्धा.

विहीणबाई आल्या आणि माझ्या गळ्याकडेच बघत राहिल्या. मग त्यांनी एक हळकुंड बोटांत धरलं आणि हळूच विचारलं, "उद्या मला मिळेल का हो असा?"

दारात उभ्या बाई माझ्याकडे बघून हसत होत्या.

"मिळेल की," मी म्हणाले, "पण आधी कानातले काढा."