आबा स्वप्नात काय बोलले

आठ वर्षं मला एकच स्वप्न पडायचं. उसाच्या बांधावर आबा, म्हणजे माझे वडील, उभे आहेत. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. माझ्याकडं बघून ते तोंड उघडतात आणि आवाजच येत नाही. मी ओरडते, "आबा, मोठ्यानं बोला की!" आणि माझ्याच ओरडण्यानं जागी होते.

त्याचा अर्थ सांगायला मला कुणा जाणत्याची गरज नव्हती. आबा गेले त्या दुपारी त्यांचा फोन आला होता. "पोरी, जरा बोलायचं हुतं," म्हणाले. मी साताऱ्यात हायस्कूलला मराठी शिकवते. तास चालू होता. "संध्याकाळी करते," म्हणून फोन ठेवला. तासाभरात उसाला पाणी पाजता पाजता ते बांधावरच कोसळले. काय बोलायचं होतं त्यांना? या एका प्रश्नानं माझं डोकं पार पोखरून काढलं.

मी कथा लिहायला लागले तीही त्यानंतरच. माझ्या प्रत्येक कथेत कुणीतरी काहीतरी सांगायला येतं आणि न सांगताच जातं. वाचणाऱ्यांना ती माझी शैली वाटते. शैली कसली डोंबलाची! आबांचं ते एक वाक्य मला सुचत नव्हतं, एवढंच.

हे स्वप्न मी फक्त भावाला सांगितलं होतं. आम्ही तिघं भावंडं: थोरली मी, मधला तो, आणि मिरजेत नर्स असलेली धाकटी. तो तासगावकडं गावीच असतो, शेती बघतो. गेल्या दिवाळीनंतर शेंगांची पिशवी घेऊन माझ्याकडं आला. पुढ्यातला चहा बाजूला सारला. मग म्हणाला, "आक्का, तुझं सपान मला पडलं. बांधावर आबा. पर माझ्याशी बोललं गं."

मी खुर्ची पुढं ओढली. "काय बोलले?"

"म्हनलं, धाकटीनं तिचा वाटा सोडलाय, थोरलीबी सोडंल. तिला तेवढंच सांगायचं ऱ्हायलं हुतं."

मी ढसाढसा रडले. बहिणींनी जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि माहेरचा उंबरा राखायचा, ही आमच्याकडची रीत. एरवी मी वर्गात त्यावर भाषणं ठोकते. त्या दिवशी ती सगळी विसरले. आबांनी त्यासाठी फोन केला होता तर! आठवड्याच्या आत जाऊन हक्कसोड पत्रावर सही केली आणि कितीतरी दिवसांनी निवांत झोपले.

उन्हाळ्यात धाकटीकडं गेले. भाकरी थापता थापता ती सहज म्हणाली, "आक्का, तू आधी सोडलंस म्हणून मी सोडलं हं. नाहीतर मी चांगली नडणार होते."

"मी आधी? अगं, आधी तू ना?"

"छे! दादाच्या स्वप्नात आबा आले नव्हते का? थोरलीनं सोडलंय, आता धाकटीबी सोडंल, असं म्हणाले म्हणं."

तव्यावरची भाकरी करपली तरी आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो होतो.

तिथूनच मी त्याला फोन लावला. "मेल्या, मेलेल्या बापाच्या तोंडात शब्द घालताना जीभ झडली नाही तुझी?"

तो म्हणाला, "आक्का, मातीत राबतोय कोण, मी का तुमी? आन तुझं काय वाईट झालं? आबा बोलत न्हाईत म्हणून रडत हुतीस. आता बोललं की!"

लाज नावाची गोष्ट नाही. याला मी कडेवर घेऊन शाळेत सोडलंय, आणि माझं सगळ्यात दुखरं तेच त्यानं बरोबर हेरलं.

वकील म्हणतात, दावा लावता येईल. धाकटी लावणार आहे, मीही तिच्याबरोबर उभी आहे. जमिनीचं व्हायचं ते होईल. पण स्वप्न काही थांबलेलं नाही. फक्त आता आबा तोंड उघडतात तेव्हा आवाज येतो, अगदी त्यांचाच, जरासा घोगरा: "धाकटीनं सोडलाय, थोरलीबी सोडंल." जागेपणी मला पक्कं ठाऊक असतं, हे वाक्य त्या चोराचं आहे. झोपेत मात्र मी दर वेळी खुळ्यासारखी हरखते, मान हलवते आणि म्हणते, "व्हय आबा."