दोन विभागांत मिळून एक मास्तर

मी तिसरीपर्यंत शिकलो आणि तिसरीची परीक्षा दिली नाही. तरी विद्यापीठाच्या दोन विभागांनी मिळून मला मास्तर नेमलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागाहून कळलं की लोकांना ती थाप वाटते.

माझा धंदा चुन्याच्या गवंडीकामाचा. सिमेंट येण्याआधी ज्या चुन्यात देवळं आणि घाट बांधले, तो चुना भिजवायचा, मळायचा, भिंतीला लावायचा. वडिलांच्या हाताखाली शिकलो. शहरात सिमेंट माजलं तेव्हा पुष्कळ गवंड्यांनी चुना सोडला. मी सोडला नाही. कामं कमी झाली, पण एखादं जुनं देऊळ दुरुस्त करायची वेळ आली की लोकांना कात्रजला माझ्या दारात यावंच लागे.

तसेच एक दिवस दोघं आले. एक वास्तुशास्त्र विभागाचे प्रमुख, शहरातल्या आवारातले. दुसऱ्या पुरातत्त्व विभागाच्या प्रमुख बाई. त्यांचा विभाग लोणी काळभोरच्या बाजूला, विद्यापीठाच्या दुसऱ्या आवारात. मुलांना चुना शिकवायला दोघांनाही माणूस हवा होता, पण पूर्ण माणूस ठेवण्याइतकं काम कुणाकडेच नव्हतं. म्हणून दोघांत मिळून एक. तीन दिवस साहेबांकडे, तीन दिवस बाईंकडे. वर्षभर बघायचं, आणि वर्षाअखेर दोघांनीही हो म्हटलं तरच नेमणूक पक्की. बायको म्हणाली, "लहानपणी एका शाळेत टिकला नाहीत, आता दोन दोन काढल्यात." मी नवा सदरा शिवायला टाकला.

शहरात मुलं मला सर म्हणत, लोणीला आजोबा. मी दोन्हींना ओ देई. थापी-रंधा ही माझी हत्यारं ठेवायला कपाट मागितलं तर इकडचा शिपाई म्हणे, तुमचं कपाट तिकडे. तिकडचा म्हणे, इकडे. मग सगळं सामान पिशवीत घालून बसने हिंडवत असे. त्याचं मला काही वाटलं नाही. दोन ठिकाणी वाट बघणारा वर्ग असलेला गवंडी पुण्यात दुसरा कोण होता?

गडबड झाली ती गुळावरून. आमच्या घरात चुन्यात गूळ घालतात, आणि सढळ हाताने घालतात. आजोबांपासूनची रीत. शहरातल्या वर्गात मी तीच शिकवली, आणि साहेबांना ती इतकी आवडली की ते येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आमच्या विभागाची कृती' म्हणून सांगू लागले. लोणीला मात्र बाईंनी एका पडक्या भिंतीचा खडा भिंगाखाली धरला आणि मला बघायला बोलावलं. म्हणाल्या, यात विटांची पूड दिसते, गुळाचा कुठे पत्ता नाही. मी म्हटलं, इतक्या वर्षांत गूळ राहील कसा? बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बरोबर आहे, मग लावूनच बघू.

आवारातल्या एका भिंतीवर मी दोन पट्टे लावले. एक आमच्या घरच्या रीतीचा, एक त्या खड्यातल्यासारखा विटांच्या पुडीचा. पावसाळाभर दोन्ही तसेच ठेवले. दिवाळीनंतर बघितलं तर आमच्या पट्ट्यावर केसासारख्या बारीक भेगा, आणि तो दुसरा पट्टा तुळतुळीत. मी चुकलो असं म्हटलं नाही. आजही म्हणत नाही. मी स्वतः तिसरा पट्टा लावला, विटांची पूड घालून आणि गूळ अगदी नावाला. दोन महिने रोज पाणी मारून बघितलं, तर तो दोन्हींपेक्षा सरस निघाला.

पुढच्याच आठवड्यात शहरातल्या वर्गात मी हे सगळं सांगितलं आणि आधीची कृती मोडीत काढली. संध्याकाळी साहेबांनी बोलावून घेतलं. चहा मागवला नाही, त्यावरूनच मी समजलो. त्यांचं म्हणणं, मुलांसमोर विभागाचं हसू झालं. तिकडचं तिकडे ठेवायचं, इकडे आणायचं नाही. मग आवाज उतरवून म्हणाले, लोणी सोडा, पूर्ण वेळ आमच्याकडे या, मी लगेच पक्कं करतो. नाहीतर वर्षाअखेरीला माझा 'हो' गृहीत धरू नका.

पूर्ण वेळ म्हणजे एकच बस, एकच कपाट. या वयात कुणीही घेतलं असतं. पण लोणी सोडलं असतं तर तो तिसरा पट्टा मी कुणासमोर लावला असता? मी उभाच होतो. म्हटलं, "साहेब, तीन दिवस इथं आणि तीन दिवस तिथं असतो खरा, पण डोकं एकच आहे. ते वाटून देता येत नाही."

"म्हणजे अर्धा माणूस घ्यायचा आणि डोकं पूर्ण मिळणार म्हणता?"

"होय. फायदा तुमचाच आहे."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मीही नमस्कार करून निघालो. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत ते मला जिन्यात भेटले तरी घड्याळ बघत. मी मात्र लोणीचं शहरात आणि शहरातलं लोणीला नेत राहिलो. साहेबांची मुलं एका कमानीचं वजन कसं उतरतं ते मला कागदावर काढून दाखवत, ते मी बाईंच्या मुलांना भिंतीवर दाखवी. नेमणूक गेली असती तर हेच करताना गेली असती.

वर्षाअखेरची बैठक शहरात झाली. मी बाहेर बाकावर, दार उघडंच. बाईंनी आपला 'हो' सांगितला. आता साहेबांची पाळी होती. मी पाठ ताठ ठेवली. शेवटी साहेबांचा आवाज आला, "हे गृहस्थ अर्धे राहत नाहीत आणि पूर्ण येत नाहीत. माझ्या मुलांना आता दुसऱ्या कुणाचं पटत नाही. तेव्हा आहे तसंच चालू द्या."

पुण्यात यापेक्षा मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं मला ठाऊक नाही.