कानसेनांनी व्हॉल्व्ह निवडले

कानसेन पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसत. दिवसभर लोकांचं ऐकायचं, ही नोकरी. संध्याकाळी बायकोचं ऐकायचं, हा संसार. त्यांचं कुणी ऐकावं असा आठवड्यात एकच प्रसंग येई, तो रविवारी सकाळी. तेव्हा बाहेरच्या खोलीत मित्र जमत. गाणी लागत, पण चर्चा गाण्यापेक्षा आवाजाची होई. तिथं कानसेनांचा शब्द शेवटचा. हे नावही तिथंच पडलेलं.

अशा माणसाच्या प्रीअँपमधून खरखर यावी, म्हणजे न्हाव्याच्याच डोक्यात उवा.

प्रीअँप म्हणजे रेकॉर्डचा नाजूक आवाज वाढवून पुढं पाठवणारी पेटी. तिच्यात जुन्या रेडिओत असायचे तसे अंगठ्याएवढे काचेचे दोन व्हॉल्व्ह होते. ते म्हातारे झाले, असं निदान कानसेनांनी केलं आणि दोन जोड्या मागवल्या. एक जोडी आजच्या कारखान्यातली. दुसरी जुन्या साठ्यातली, कधीच न वापरलेली. निवड रविवारी, सर्वांसमोर.

"लावा एक कुठली तरी," बायको म्हणाली. "माझ्या बाबांनी जावई निवडताना एवढं बघितलं नव्हतं."

"ते दिसतंच आहे, ताई," तिचा भाऊ म्हणाला.

अडचण एकच होती. कानसेनांची आवडती रेकॉर्ड दुर्मिळ होती. पुन्हा पुन्हा वाजवली तर झिजणार. त्यांनी तोडगा काढला. त्याच गाण्याची सीडी लावायची. दूरदृष्टीचं सगळ्यांनी कौतुक केलं.

आधी कारखान्यातली जोडी लागली. मित्रांतल्या दातांच्या डॉक्टरांनी डोळे मिटले.

"कोरडा आहे हो आवाज. दाढ काढल्यावर तोंडात कापूस असतो ना, तसा."

"भावोजी, मला तर काहीच..." मेहुणा बोलू लागला. कानसेनांनी नुसतं बघितलं. "...काहीतरी कोरडं वाटतंय खरं," मेहुण्यानं वाक्य पुरं केलं.

पेटी बंद केली, निवू दिली, जुन्या साठ्यातली जोडी लावली. गाणं सुरू झालं. डॉक्टर 'आहाहा' म्हणाले. मेहुणा मान डोलवू लागला. कानसेन उठून उभे राहिले.

"नवे व्हॉल्व्ह गातात," ते म्हणाले. "जुन्यांना गाणं कळतं."

कुणीतरी टाळी दिली. त्या भरात कानसेनांनी रुमाल घेतला आणि विजेती जोडी सगळ्यांना दाखवायला पेटीतून उपसून काढली. पेटी बंद करायची राहिली.

गाणं चालूच राहिलं.

दोन्ही व्हॉल्व्ह रुमालात होते. गायिकेनं तान घेतली. तसूभरही फरक पडला नाही.

ते व्हॉल्व्ह फक्त रेकॉर्डच्या वाटेवर होते. सीडीचा आवाज सकाळपासून त्यांना वळसा घालून जात होता. हे सगळ्यांना एकदमच कळलं, आणि कुणी कुणाकडे बघेना. कानसेनांचे कान लाल झाले. उद्या खिडकी होतीच. हा रविवार गेला, तर उरायचं काय?

डॉक्टर खाकरले. कापूस त्यांनाच जाणवला होता.

"जरा... मोकळा नाही झाला आवाज?"

"झालाय की!" मेहुणा म्हणाला. "मघापेक्षा पुष्कळ."

मग सगळे कानसेनांकडे बघू लागले. कानसेनांनी डोळे मिटले. सावकाश ऐकलं.

"मोकळा झालाय," ते म्हणाले. "पण ऊब गेली."

खोलीचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांना ऊब गेल्याचं जाणवलं. चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली बायको हसू आवरायला आत पळाली.

मंडळी गेल्यावर कानसेनांनी गुपचूप ती रेकॉर्ड लावली. नव्या जोडीवर खरखर. जुन्या साठ्यावर खरखर. म्हाताऱ्या जोडीवरही तीच खरखर.

"अहो, रेकॉर्ड पुसली होती का कधी?" बायकोनं आतून विचारलं.

कानसेनांनी ऐकून घेतलं. तेवढं त्यांना येत होतं.

रविवार मात्र वाचला, नव्हे, वाढला. डॉक्टर आता दवाखान्यात सांगतात, "आमचे एक मित्र आहेत. व्हॉल्व्ह हातात काढून घेतले तरी त्यांना फरक कळतो!"

खुर्चीतला पेशंट तेव्हा तोंड उघडून पडलेला असतो. त्याला ते मान्य करावंच लागतं.