काकांच्या कमरेला हिंगाची डबी

लपवणं ही कला ज्याला जन्मात साधली नाही असा माणूस अख्ख्या ओहायो राज्यात शोधायला निघालात, तर आमच्या शेजारच्या काकांच्या दारात येऊन थांबाल. काकूंच्या पन्नाशीला आम्ही सरप्राइज पार्टी ठरवली, तर यांनी आदल्या दिवशी काकूंनाच विचारलं, की उद्या दचकशील तेव्हा कुठली साडी नेसलेली असशील. मला दिवस गेले ते मी काकूंच्या कानात सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या डब्लिन गावातल्या झाडून सगळ्या मराठी घरांतून मला लोणची यायला लागली. मी तणतणत जाब विचारायला गेले तर म्हणाले, "अगं, आनंदाची गोष्ट दाबून ठेवली की ॲसिडिटी होते." आणि या माणसानं, दोन हजार चार साली आमच्या राज्यात परवाना काढून पिस्तूल लपवून बाळगायची मुभा मिळाल्यावर, ते घ्यायचं मनावर घेतलं.

काका मूळचे नागपूरचे. पंचवीस वर्षं अमेरिकेत काढली, नागरिकत्व घेतलं, पण 'काय करून राहिली?' काही सुटलं नव्हतं. पुण्या-मुंबईहून नवं पोर नोकरीवर आलं की विमानतळावर काका हजर. ओळख लागत नसे; अमक्याच्या मामेभावाचा रूममेट एवढं पुरे. गाडीपाशी पोचेपर्यंत त्या पोराचा पगार, घराचं भाडं, लग्नाचं कुठवर आलं, सगळं विचारून व्हायचं. कुणाचे आईवडील देशातून आले तर तिथंच, बॅगांच्या पट्ट्याशेजारी, वाकून नमस्कार. नुसता हात लावल्यासारखं करून नव्हे, चांगलं पायावर डोकं टेकवून. त्यांची स्वतःची आई गेली तेव्हा विमान मिळेपर्यंत तिकडे सगळं आटोपलं होतं. एरवी प्रत्येक गोष्ट चारचारदा सांगणाऱ्या काकांनी ही एकच गोष्ट मला एकदाच सांगितली.

त्या उन्हाळ्यात कुणाला तरी विमानतळावर सोडून येताना काका पेट्रोल भरायला थांबले. दोघं जण जवळ आले. काकांना वाटलं रस्ता विचारायचा असेल, म्हणून ते हसून पुढे झाले. त्या दोघांनी बंदूक दाखवून पाकीट नेलं, घड्याळ नेलं. अंगावर ओरखडाही नाही, पण काका घरी आले ते गप्पच झाले. कितीतरी दिवसांनी बोलले ते एवढंच, "मी तर हसून हॅलो म्हटलं होतं नं त्यांना." मग अंधार पडला की ते घराबाहेर पडेनात. विमानतळाच्या फेऱ्या बंद झाल्या. पोरं टॅक्सी करून यायला लागली. काकू ओट्यापाशी मला म्हणाल्या, "घड्याळ नेलं ते जाऊ दे मेलं. माझा नवरा नेला गं त्यांनी."

आणि इकडे माझी आई यायची होती. बाळंतपणाला, डिसेंबरात, सांगलीहून एकटी. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच ती घराबाहेर पडत होती, आणि इंग्रजीच्या नावानं बोंब. माझा नवरा क्लायंटकडे शिकागोला अडकलेला, आणि मी पोट सांभाळत बसलेली. तशीही हायवेचं नाव काढलं की मला घाम फुटायचा. विमान संध्याकाळी सहाचं, म्हणजे आमच्याकडच्या डिसेंबरात मिट्ट काळोख. काकांनी सांगून टाकलं, की पिस्तूल कमरेला लागलं तर तुझ्या आईला आणायला मीच जाईन, नाहीतर मला गळ घालू नकोस. झालं! बंदूक नुसती टीव्हीवर दिसली तरी चॅनेल बदलणारी मी, रोज सकाळी फोन करून विचारू लागले, "काका, ठरलं का पिस्तूल?"

पण चटकन ठरवतील तर ते काका कसले. गादी घ्यायची तर दुकानातल्या एकूण एक गादीवर आडवं होऊन बघणारा हा माणूस. एकीवर तर खरंच डोळा लागला आणि घोरणं ऐकून गिऱ्हाईकं जमली. लपवायचं म्हणून पिस्तूल सगळ्यांत बुटकं हवं, एवढं नक्की झालं होतं. पण बुटक्याची मूठ आखूड, त्यामुळे धरल्यावर काकांची करंगळी हवेत लोंबायची. हलकं घ्यावं तर गोळी सुटताना हाताला लाथ मारतं, जड घ्यावं तर पँट खाली येते. लहानाची स्प्रिंग ताठ, ती ओढताना अंगठ्याचा संधिवात बोंबलतो. सहा गोळ्यांचं घ्यावं की दहा, यावर त्यांनी माझं मत विचारलं. मी म्हटलं, कुकर तीन लिटरचा घ्यावा की पाच ते सांगते, यातलं मला काय कळतंय? तर गंभीरपणे म्हणाले, तसंच आहे ते, पाहुणे किती येणार त्यावर ठरतं. त्यात कायदा असा, की चालताना लपवायचं आणि गाडीत बसलं की दिसेल असं ठेवायचं. विमानतळाच्या इमारतीत न्यायचं नाही, शाळेत नाही, देवळात नाही, ऑफिसनं दारावर मनाईची पाटी लावलेली. काकू म्हणाल्या, "म्हणजे उरलं इंडियन ग्रोसरी. न्या कोथिंबीर आणायला."

घेण्याआधी अंगाला सवय व्हावी म्हणून काकांनी हिंगाची रिकामी डबी शोधून काढली. ती म्हणे आकारानं बरोबर पिस्तुलाच्या तोडीची. गळाला लावायची शिशाची वजनं तिच्यात ठासली, वरून चिकटपट्टी मारली, आणि डबी पट्ट्याच्या आत खोचून, वर शर्ट सोडून काका हिंडू लागले. भेटेल त्याच्यासमोर गिरकी घेऊन विचारायचे, "दिसून राहिलं का?" दिसत काही नव्हतं हो, पण वास येत होता. काका खोलीत शिरले की कुणीतरी फोडणी टाकल्यासारखी सगळ्यांना भूक लागायची. त्यांच्या ऑफिसात शेजारी बसणाऱ्या बाईंनी तर गॅस गळतोय म्हणून तक्रार केली.

हसून हसून आमची पुरेवाट व्हायची. मग हळूहळू एक गोष्ट मला खटकायला लागली. वाकलं की डबी शर्टातून टोक काढायची, म्हणून काका वाकेनासे झाले. पूर्वी मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर लोंबायची. आता मुलं धावत आली की ते कमरेवर हात धरून बाजूला व्हायचे. दिवाळीच्या कार्यक्रमात कुणाच्या तरी सासूबाई भेटल्या, तर नव्या जावयासारखे अर्धेच झुकले. त्या बिचाऱ्यांनी विचारलं, उसण भरली का हो? सगळे हसले.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा सण झाल्यावर मी, काका आणि काकू असे तिघंही पिस्तुलांच्या दुकानात गेलो. आज कुठलं तरी एक घ्यायला लावायचंच, असा माझा निर्धार होता. दुकानदार छातीवर दाढी रुळणारा, धिप्पाड. इतके महिने काकांना तो कंटाळला कसा नाही देव जाणे. काकांनी त्याला विचारलं, वाकल्यावर दिसणार नाही असं यातलं कुठलं? त्यानं विचारलं, किती वाकता? काकांनी काकूंना समोर उभं केलं आणि पायांकडे बोट दाखवलं. दुकानदार मोठ्या मनाचा. त्यानं एक रिकामं पिस्तूल स्वतःच्या कमरेला लावलं, वर शर्ट सोडला, आणि दाढी सावरत काकूंच्या पायांशी वाकला. काकूंचा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला. "औक्षवंत व्हा," त्या म्हणाल्या. दुसरं लावून वाकला, तिसरं लावून वाकला. दर वेळी मागून पिस्तुलाचा उंचवटा स्पष्ट दिसत होता, आणि दर वेळी काकू आशीर्वाद देत होत्या. बाकीची गिऱ्हाईकं खरेदी सोडून बघत राहिली. शेवटी तो धापा टाकत उठला आणि काकांना म्हणाला, की इतकं खाली वाकणाऱ्या माणसासाठी अजून कुणी पिस्तूल बनवलेलं नाही. मी म्हटलं, "काका, घ्या नं एकदाचं कुठलंही, आई येतेय माझी." त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि आम्ही तसेच परतलो.

आई यायच्या दिवशी मी टॅक्सीचा नंबर शोधत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात काका, कानटोपी घातलेले, तोंड उतरलेलं. मागून हिंगाचा वास. म्हणाले, आज डबीवरच भागवू, चल. वाटेत काळोख पडला तसे दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसले. विमानतळावर आई आली ती साडीवर स्वेटर, पायांत नवे स्पोर्ट्स शूज, आणि गर्दीत मला शोधणारी नजर. मला रडूच फुटलं. मग काका पुढे झाले, एक हात कमरेवर ठेवून अर्धे झुकले. आई घाईनं म्हणाली, "राहू द्या हो, वाकू नका. दुखतंय वाटतं तुम्हाला."

काका सरळ झाले, शर्टाखाली हात घालून डबी काढली आणि माझ्या हातात दिली. "धर गं जरा," म्हणाले. आणि त्या स्पोर्ट्स शूजवर त्यांनी डोकं ठेवलं, ते बराच वेळ उचललंच नाही. आईनं त्यांच्या कानटोपीवरून हात फिरवला, वास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "इथं हिंग मिळतो होय? मी उगीच आणला."

परतीच्या वाटेवर काकांनी तिचे गुडघे, पेन्शन, सांगलीतले शेजारी, सगळं विचारून घेतलं, आणि आम्ही कुणालाही न सांगितलेली बाळाची दोन नावंही तिला सांगून टाकली. डबी मात्र परत मागितली नाही. त्यांची भीती गेली असं मी म्हणणार नाही. पेट्रोल भरताना ते चारी बाजूंना बघायचे, पण बोलावलं की विमानतळावर जायचे.

दोन हजार सातला काका-काकू मुलीकडे कॅलिफोर्नियात सनीव्हेलला कायमचे राहायला गेले. अख्ख्या डब्लिनला विमानतळावरून आणणाऱ्या माणसाला सोडायला मी गेले. माझी लेक त्यांच्या खांद्यावर चढून बसलेली, उतरायला तयार नव्हती. कोटाच्या खिशात मी ती डबी आठवणीनं घेतली होती, परत द्यायला. मी वाकले, त्यांच्यासारखंच चांगलं डोकं टेकवून, आणि उठताना डबीनं कोटातून टोक काढलं. काकांनी त्यावर बोटानं टकटक केलं.

"दिसून राहिलं," म्हणाले.

मी डबी काढून द्यायला लागले, तर त्यांनी माझी बोटं डबीवर मिटवली. "राहू दे तुझ्याकडे. मला तिकडं पोरीच्या सासूबाईंना नमस्कार करायचा आहे."

डबी अजून माझ्या ओट्यावर आहे, आणि तिचा वास गेलेला नाही. शेजारच्या घरात दुसरं कुणी राहायला आलंय. देशातून कुणाचे आईवडील येणार असले की आता विमानतळावर मी जाते. हायवेवर अजून कडेच्या लेनमधून हळूहळू, पण जाते.