केसरबाईची कोकणसहल

केसरबाईला समुद्र बघायचा होता, हे काही खोटं नाही. ऊसतोडीला ती कोल्हापूरकडं गेलती तेव्हा फडातून मावळतीला निळ्या डोंगरांची रांग दिसायची. मोळी बांधता बांधता एका गाडीवानानं सांगितलं होतं, ह्या डोंगराच्या पल्याड उतरलं की कोकण, नारळ, आन् पुढं नुसतं पाणी. तेव्हापासून ते पाणी तिच्या डोक्यात बसलेलं. पण ते त्रिंबकदादाच्या गाडीतून बघायची पाळी येईल, असं तिला वाटलं नव्हतं.

तेलगावच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यात तिचं गाव. वस्तीवरची तोडणीवाली बाई, राखीव जागेवर उभी राहिली आन् ग्रामपंचायतीत निवडून आली. आता उपसरपंच निवडायचा होता. एका बाजूनं त्रिंबकदादाचा पोरगा भागवत, समोर बंकट. मेंबर दोन्हीकडं सारखेच वाटले गेलते. केसरबाई जिकडं जाईल तिकडं खुर्ची. अशा वेळी आमच्याकडं मेंबरांना सहलीला नेतात. समोरच्यानं फोडू नये म्हणून लांब नेऊन ठेवायचं, खाऊपिऊ घालायचं आन् मतदानादिवशी गाडी थेट ग्रामपंचायतीच्या दारात आणून लावायची.

त्रिंबकदादाच्या पत्र्याच्या शेडात खुर्च्या मांडून बेत चालला होता.

"आधी आंबोली," भागवत मोबाईलवर फोटो दाखवत म्हणाला. "डोंगर, धुकं, धबधबा. मंग खाली मालवण. समुद्राच्या कडंलाच खोल्या घेतल्यात."

"मासे लई असत्यात म्हणं तिथं," केसरबाईचा नवरा आश्रुबा म्हणाला. त्याच्या तोंडाला आत्ताच पाणी सुटलं होतं.

"आश्रुबा, तू नुसतं तोंड उघड. मासा आपसूक आत येतोय," त्रिंबकदादा म्हणाला. "मोबाईल तेवढे गाडीत बसताना पिशवीत टाकायचे. सगळ्यांचे. सहलीत डोक्याला ताप कावून?"

सगळे हसले. केसरबाई हसली नाही.

"दादा, माझं न्हाई जमायचं. स्वप्नाली बाळंतपणाला आलीया. पहिलटकरीण हाय, दिवस भरलेत."

शेड गार पडलं.

"मत मी भागवतलाच देणार," ती पुढं म्हणाली. "त्यानं वस्तीवर नळ आणला, ते मी इसरले न्हाई. बेल-भंडारा आणा, आत्ता उचलते."

बेल-भंडारा उचलला की आमच्याकडं माणूस बांधला जातो. देवापुढचा शब्द, त्याच्या वर काही नाही. पण त्रिंबकदादा नुसता हसला. "उचलून फुटलेले लई बघितले मी, केसरबाई."

दारात त्याची बायको वत्सलाबाई उभी होती. "त्यात काय एवढं? पोरीला आमच्या घरी आणून ठिवा. गाडी दारात हाय. तुमी निवांत फिरून या."

वत्सलाबाई कदाचित चांगल्या मनानं बोलली असेल. पण त्रिंबकदादानं मान फार लवकर हलवली. "हे बराबर. पोरगी आमच्याकडं, तुमी आमच्या गाडीत."

शेळी बाजाराला नेताना तिचं करडू पुढं धरतात, शेळी दावं न लावता मागं येते. केसरबाईनं स्वतः कितीदा तशी नेली होती.

घरी आल्यावर आश्रुबा तिच्यावर उखडला. "बसायला तुझं काय जातंय? ह्यांच्याशी वाकडं घेऊन गावात ऱ्हायचं कसं?"

"आन् पोरगी?"

"तिथं काय कमी पडणार हाय तिला?"

"आवो, कमी पडायची गोष्ट न्हाई. तारण ठिवायलेत तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात आली. आश्रुबा इस्त्रीची टोपी घालून कवाच मागच्या सीटवर जाऊन बसला. मागून केसरबाई निघाली. एका हाताला स्वप्नाली, दुसऱ्या हातात जुन्या लुगड्याच्या धडुत्यांचं गाठोडं. तिनं पोरीला सावकाश मधल्या सीटवर बसवलं आन् शेजारी आपण बसली.

"हे काय?" गाडीपाशी उभ्या त्रिंबकदादानं विचारलं.

"स्वप्नालीबी येणार सहलीला. तिनंबी कुठं समुद्र बघितलाय?"

ड्रायव्हर उत्तरेश्वर मागं वळला. स्वप्नालीचं पोट बघून त्याचा चेहराच उतरला. "कितवा हाय?"

"नववा सरत आला."

"दादा, घाट हाय पुढं. ही गाडीतच बाळंत झाली तर?"

"तर तुमी समदे हायतच की," केसरबाई म्हणाली. "पाणी तापवायला एकजण, धरायला दोघं."

गाडीत आधीच बसलेला एक मेंबर झटकन खाली उतरला. "आपण न्हाई बे ह्या गाडीत."

"केसरबाई, पोरीला उतरवा," त्रिंबकदादा म्हणाला.

"उतरवते. मंग मीबी उतरते. ती माझ्याजवळ ऱ्हाणार, गाडीत म्हणा का घरात."

वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन थबकल्या होत्या. त्रिंबकदादानं त्यांच्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. मानेची शीर टरारली.

"उत्तरेश्वर, घे गाडी."

इंजिन सुरू झालं. गाडी खरंच हलली तर काय करायचं, हे केसरबाईनं ठरवलंच नव्हतं. स्वप्नालीनं तिचा गुडघा गच्च धरला. "माय, उतरू दे गं." केसरबाई समोर काचेकडं बघत राहिली.

उत्तरेश्वरनं गाडी बंद केली. किल्ली काढून त्रिंबकदादाच्या हातात दिली. "तुमीच चालवा. मला बी लेकी हायत."

मग त्रिंबकदादा दात चावत म्हणाला, "उतरा." मायलेकी उतरल्या. त्यानं घराकडं माणूस पिटाळला आन् वत्सलाबाईकडून बेल-भंडाऱ्याचं ताट मागवलं. स्वतःच्या हातानं केसरबाईपुढं धरलं. "घ्या. काल म्हणत होतात ना."

"काल उचलला असता, दादा. पोरगी तारण मागायच्या आधी."

"मंग मत कुणाला?"

"मतदान हात वर करून न्हाई, चिठ्ठीनं घ्या म्हणून सांगणार हाय मी. चिठ्ठ्या उघडल्यावर तुमालाबी कळंल."

त्रिंबकदादानं ताटाकडं बघितलं, मग किल्ली उत्तरेश्वरच्या अंगावर फेकली. उतरलेला मेंबर परत चढला, गाडी धुरळा उडवत गेली. मागच्या सीटवरच्या आश्रुबाला उतरवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, आन् तोही आपणहून उतरला नाही.

दुपारपासून लिंबाखाली भागवतचा एक माणूस मोटारसायकलवर येऊन बसला. थोड्या वेळानं समोरच्या टपरीवर बंकटचा बसला. दोघांचेही डोळे केसरबाईच्या दारावर. तिनं बाज दारातच आडवी टाकली, पोरीला त्यावर निजवलं. वाईट नजर लागू नये म्हणून बाळंतिणीच्या उशाला लोखंड ठेवतात. बाळंतपण अजून व्हायचं होतं, तरी तिनं आढ्यातला ऊसतोडीचा कोयता काढला, पदरानं पुसला, आन् दोघांनाही नीट दिसेल असा उशाला ठेवला.